ओकच्या कपाटाची आणि माझी निरवानिरव

मी, हिलेगोंडा ऑस्टरबान, कैलासवासी लेन्डर्ट ऑस्टरबान यांची पत्नी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा घरकाम आणि नवऱ्याच्या कपाटांची पुसपास, राहणार हार्लेम, स्पार्ने नदीच्या मागची गल्ली, दुसरा मजला, राजीखुशीने लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. पाय शाबूत नाहीत. पण मृत्युपत्राला पाय लागत नाहीत, असे नोटरी तेर हॉर्स्ट यांनी मला सांगितले आहे. मजकुरातल्या जादा गोष्टी गाळाव्यात असेही त्यांनी सुचवले. त्या गाळणार नाही. आयुष्यभर मी जादा बोलले नाही, ते आता इथे बोलून घेते.

कलम पहिले, घराबाबत. खाली दुकान, तेही जुन्या कपाटांनी गच्च. वर दोन मजले. मधला जिना म्हणजे शिडीच. एका वेळी एकच माणूस चढतो, तोही अंग चोरून. लेन्डर्ट दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. त्याच हिवाळ्यात मी त्या जिन्यावरून घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून मी खाली उतरलेली नाही. पाव, बटाटे, हेरिंग मासे, औषधे, सगळे छपराच्या तुळईवरल्या कप्पीने टोपलीतून खिडकीशी येते. खालून शेजारीण कोबा दोर ओढते आणि ओरडते, "हिले, अंडी आहेत गं, आपटू नकोस!" आमच्या गल्लीत जिन्याने फक्त माणूस चढतो, पलंग, पियानो, कपाट, जे काही जड ते खिडकीतून येते. इथल्या पोरांनाही हे माहीत असते, म्हणून कुणी त्यावर विचार करत नाही.

हे घर माझ्यामागे विकावे आणि येईल ते माझी धाकटी बहीण नील हिला द्यावे. ती टेसल बेटावर राहते. तिच्याकडे तळमजल्यावर माझ्यासाठी एक खोली आहे. उंबरा ओलांडला की गवत, आणि गवतात मेंढ्या. गेली तीस वर्षे मला त्या खोलीत राहायचे आहे. दर रविवारी तिचा फोन येतो.

"अगं, येतेस कधी? मी मेल्यावर?"

"कपाट कसं काढू गं, नील?"

"जळो मेलं ते कपाट!"

इतके झाले की आम्ही हवापाण्याचे बोलतो.

कलम दुसरे, लहान कपाटांबाबत. काचेच्या दारांचे पुस्तकांचे कपाट कोबाला द्यावे. ती पुस्तके वाचत नाही; तिने त्यात कप ठेवावेत. त्याच्या डाव्या दाराची एक काच नवी आहे, बाकीच्या जुन्या, त्यांतून पाहिले की भिंत हलल्यासारखी दिसते. दुकानात असताना लेन्डर्ट गिऱ्हाइकाला नेहमी उजवे दार उघडून दाखवी. कोपऱ्यातले तिकोनी कपाट, ज्याचे पाय मागून बसवलेले आहेत, ते त्याच्या चुलतभावाला द्यावे. त्या चुलतभावाने माझ्या लग्नात "बाई बरी आहे, पण जरा रुंद आहे" असे म्हटले होते. पाय मागून बसवलेले आहेत हे त्याला सांगू नये.

हिंडेलोपन गावचे रंगवलेले छोटे कपाट नीलला. लाल रंगावर वेली आणि पक्षी. ते माझ्या आईचे. लेन्डर्ट त्याला भातुकली म्हणत असे आणि ते जिन्याखाली ठेवत असे.

लेन्डर्टची पारख खोटी नव्हती, हेही लिहून ठेवते. अर्ध्या हार्लेमच्या घरांत कुठले कपाट कुठे शोभेल हे त्याने ठरवले. तो सांगे, कपाट घेताना आधी पाठ बघा, मग तोंड. खण बाहेर काढून वास घ्या. उंदराचा येत असेल तर निघा. किडीची भोके बोटाने दाबा, भुगा पडला तर कीड जिवंत आहे. किल्ली नसलेले कपाट स्वस्तात मागा. गिऱ्हाइके माना डोलवत. मी नवरा निवडताना मात्र आधी तोंड बघितले आणि पाठ बघायची राहूनच गेली.

कलम तिसरे, मोठ्या कपाटाबाबत. ह्या कलमासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

काळसर ओकचे, चेंडूसारख्या पायांचे, माथ्यावर निळ्या चिनी मातीची पाच भांडी असलेले हे कपाट माझ्या लग्नानंतर काही वर्षांनी ह्या खोलीत आले. अखंड आले. दोराला आठ माणसे, पूर्ण गल्ली माना वर करून उभी, लेन्डर्ट खिडकीत उभा राहून आरोळ्या ठोकत होता. दोन वर्षांनी चौकट कुजली म्हणून त्याने ती मोठी खिडकी काढून अर्ध्या रुंदीची बसवली. मी विचारले, "आता हे बाहेर कसं जाणार?" तो म्हणाला, "कशाला जायला हवं?"

नीलचा नवरा वारला तेव्हा मी पहिल्यांदा म्हटले, आपण टेसलला जाऊ. तो हसला. "चल की! कपाट तेवढं खिशात घाल." पुढे मी रडून म्हटले, भांडून म्हटले, एकदा बॅगही भरली. तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "कपाट राहील तिथं मी राहीन. करवतीनं कापायचं असेल तर काप, तुझ्या हातानं काप." मी कशी कापणार? कपाटाचा राग राग केला तरी दर शनिवारी मेण लावून त्याला चकाकवणारी मीच. तो गेल्यावरही कापवले नाही. कपाट निघत नाही म्हणजे मीही निघत नाही, हे इतकी वर्षे मला एकच वाक्य वाटत आले होते. सकाळी डोळे उघडले की पहिले ते दिसे, रात्री दिवा मालवताना शेवटचे तेच. खोलीतला अर्धा उजेड ते खाते. कधी कधी वाटे, आत चादरींच्या घडीवर मीच घडी करून ठेवलेली आहे आणि किल्ली बाहेरून फिरवली आहे.

तर, ह्या मृत्युपत्रासाठी कपाटाची किंमत लावायला मी बारेंड स्लॉटला बोलावले. हा पलीकडच्या पुलाजवळचा कपाटवाला, लेन्डर्टचा जुना शिष्य आणि नंतरचा वैरी. धापा टाकत जिना चढून आला. दारे उघडली, चादरी बाजूला सारल्या आणि आत डोके घातले.

"ह्या पिशव्या कसल्या गं?"

"लव्हेंडरच्या. कसर लागू नये म्हणून. त्या खुंट्यांवर अडकवते."

"खुंट्या?" त्याने माझ्याकडे पाहिले. "हिले, ह्या पाचरी आहेत."

त्याने एक पिशवी काढून माझ्या हातात दिली, खुंटीला खालून हाताने दोन धक्के दिले आणि ती उपसून दाखवली. माथ्याची कड करकरली आणि किंचित उचलली गेली. "सगळ्या काढल्या की माथा, बाजू, पाठ, सुटं होतं सगळं. एक खिळा नाही ह्याच्यात. तुझ्या जिन्यावरूनसुद्धा जाईल."

"पण ते तर अखंड वर चढवलं होतं!"

"गल्लीला दाखवायला. मीच होतो की दोराला."

"लेन्डर्टला माहीत होतं?"

बारेंडने टोपी काढली. "मला पाचरी ओळखायला त्यानंच शिकवलं, हिले."

मग मी त्याला जायला सांगितले. त्या दिवशी मी जेवले नाही. लव्हेंडरची पिशवी मुठीत धरून बसले आणि मेलेल्या माणसाला शिव्या दिल्या, ज्या मला येतात हेच मला माहीत नव्हते. दर उन्हाळ्यात नव्या पिशव्या शिवून मी माझ्या हाताने त्या पाचरींवर अडकवत होते, आणि तो खुर्चीतून बघत होता. ह्याची भरपाई कुठल्याही कलमाने होत नाही. मी लेन्डर्टला माफ केलेले नाही आणि करावे असा आग्रह कुणी माझ्या दफनाच्या वेळी धरू नये. मला टेसलला पुरावे. त्याच्या शेजारची राखून ठेवलेली जागा ज्याला हवी त्याने घ्यावी.

हे कपाट बारेंड स्लॉट यास द्यावे, लेन्डर्टचा लाकडी हातोडा आणि रंधे यांसह. अट एकच. तो ते ज्या कुणाला विकेल त्याच्या घरच्या बाईला आधी पाचरी दाखवाव्यात, आणि तिच्याच हाताने एक काढवून घ्यावी. कपाट घरात कसे येईल हे सगळेच विचारतात. ते बाहेर कसे जाईल हे घेण्याआधी विचारावे.

कलम चौथे, लेन्डर्टच्या खुर्चीबाबत. हे कलम मी आधी लिहिले होते ते खोडते. खुर्ची जाळावी असे त्यात होते. आता ती कामाला आली आहे, त्यामुळे जो मागेल त्याने न्यावी.

कारण असे झाले. काल बारेंड परत आला. मी म्हटले, "मेल्यावर कशाला? कपाट आताच सुटं कर." त्याने पाचरी काढल्या, आणि कपाट फळी फळीने खिडकीतून खाली गेले. भिंतीवर त्याच्या जागी फिकट चौकोन उरला, आणि तिथपर्यंत ऊन आले. मी त्या दोराकडे बघत राहिले.

"बारेंड, माझं वजन त्या कपाटाहून जास्त आहे का रे?"

"एका दाराएवढं असेल."

"मग दोर सोडू नकोस."

"वेडी झालीस? टोपलीतून अंडी येतात, बायका जात नाहीत!"

खालून कोबा ओरडली, "अरे, तिला विचार, चपला कुठल्या हव्यात!"

आज सकाळी त्यांनी मला लेन्डर्टच्या खुर्चीत बसवले आणि माझ्याच लग्नातल्या चादरींनी बांधले. अरुंद खिडकीतून खुर्ची अगदी बेताने निघाली. पायांखाली काहीच नसताना मला भीती वाटली, खूप वाटली, आणि मी मोठ्याने नीलचे नाव घेतले. गल्ली माना वर करून उभी होती. ह्या खेपेला आरोळ्या ठोकायला खिडकीत कुणी नव्हते.

पहिली तीन कलमे मी वर, दुसऱ्या मजल्यावर लिहिली. हे चौथे कलम आणि सही खाली येऊन खुर्चीतच, गुडघ्यावर नोटरींची पेटी घेऊन. कोबा चादरींच्या गाठी सोडते आहे, हात हलतो, म्हणून अक्षर वाकडे आले आहे. बुद्धी शाबूतच आहे. टेसलची बोट दुपारची आहे.

साक्षीदार:
बारेंड स्लॉट, कपाटवाला (दोराला होता)
याकोबा फेर्मूलेन, शेजारीण (हिनेही दोर धरला)

लिहून ठेवणार: हिलेगोंडा ऑस्टरबान

तारीख: ११ मे १९९६
ठिकाण: हार्लेम, ~~दुसरा मजला~~ रस्त्यावर