दांडीवरचं दुसरं वजन

बाबा, इंजिन तयार झालं. हातभर लांब, काळं, सहा चाकांचं. खऱ्या वाफेवर चालतं आणि बारीक शिट्टीही वाजवतं. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा लेकीनं परदेशातून फोनवर विचारलं, आई, तुला काय पाठवू? माझ्या तोंडून निघून गेलं, वाफेचं इंजिन. ती हसत सुटली. जन्मभर मराठी शिकवलेली, घरातला फ्यूजसुद्धा दुसऱ्याकडून बसवून घेणारी बाई इंजिन मागते आहे म्हटल्यावर हसणारच. मी तिला सांगितलं की तुझे आजोबा सिंदीच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बॉयलरवर होते, संध्याकाळी सुटी झाली की स्टेशनच्या टोकाला जाऊन मालगाडीच्या इंजिनाकडे बघत उभे राहायचे आणि परतताना म्हणायचे, "माह्या बायलरले फकत चाकं नाईत." त्या बॉयलरला मला चाकं लावायची होती. हे एक कारण झालं. दुसरं मी तिला सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी पेटी आली. आत इंजिन नव्हतंच, नुसते सुटे भाग होते: तयार करून तपासलेलं तांब्याचं बॉयलर, चाकं, पितळी नळ्या, आणि नंबर टाकलेल्या पुड्यांमध्ये तिळाएवढे स्क्रू. सोबत एक जाडजूड इंग्रजी पुस्तिका. मी ती वहीत मराठीत उतरवून काढली, कारण मला कुठलीही गोष्ट हातानं लिहिल्याशिवाय कळत नाही. समोरच्या खोलीतलं टेबल खिडकीशी ओढलं, त्यावर पांढरी चादर अंथरली, म्हणजे पडलेला स्क्रू दिसावा. आठ महिने लागले. डाव्या बाजूचं सिलिंडर उजवीकडे बसवून टाकलं आणि पंधरा दिवसांनी सगळं खोलावं लागलं. एक नळी वाकवताना चिरली, ती लेकीनं पुन्हा मागवून दिली. चाकं फिरवून बघताना त्यांना जोडणारा दांडा एकाच जागी अडायचा, मी कानस घेऊन बसायचे, दोनदा घासायचे, फुंकर मारायचे, पुन्हा फिरवून बघायचे. ही फुंकर तुमची आहे हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. तुम्ही पुढे सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलंत तेव्हा असंच करायचात, ओठ डावीकडे नेऊन. त्या आठ महिन्यांत मला तुमची जितकी आठवण आली तितकी तुम्ही गेल्यावरच्या वीस वर्षांत आली नव्हती. चांगलीच आठवण यायची. तोपर्यंत चांगलीच.

मग पुडी आली सेफ्टी वाल्वची. बोराएवढा पितळी तुकडा, आत एक गोळी, गोळीवर स्प्रिंग, वर नट. पुस्तिकेत त्या पानाला लाल चौकट होती. मी वहीत लिहिलं: वाफ प्रमाणाबाहेर वाढली की ती स्प्रिंगला उचलते आणि बाहेर पडते. स्प्रिंग जितकी आवळावी तितकी वाफ आत जास्त कोंडते; जुन्या बॉयलरवर स्प्रिंगऐवजी दांडीला लटकवलेलं वजन असे. हा नट कारखान्यात लावून दिलेला आहे, त्याला कधीही हात लावू नये. एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. कारण त्या ओळीखाली मला तुमची शिडी दिसली.

मी सहावीत आहे. उन्हाळा लागतो आहे, जिनाचा हंगाम संपत आला आहे तरी फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या आहेत. मी तुमचा डबा घेऊन आले आहे. भट्टीच्या तोंडाशी केळझरचे काका कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या झोकताहेत. तुमच्या हाताखालचा माणूस, अंगावर फक्त बनियन आणि डोक्याला ओलं फडकं. मला बघून ते नेहमीसारखे म्हणतात, "या मास्तरीनबाई." मी कुठल्या वर्गात काय शिकले ते विचारतात. तुम्ही शिडीवर आहात. बॉयलरच्या माथ्यावर एक लोखंडी दांडी आहे, तिच्या टोकाला वजन लटकतं, ते मी नेहमी बघत आले आहे. आज तुम्ही त्याच्या बाजूला कापूस तोलायच्या काट्यावरचं एक लोखंडी माप तारेनं बांधता आहात.

"बाबा, हे कायले बांधून राह्यले?"

"सेफ्टी लवकर उडून राह्यली. वाफ फुकट जाते, मशिनी हळू चालते. मालक सकाळपासून बोंबलून राह्यला."

काका भट्टीपासून उठून येतात. "भाऊ, राहू द्या. वाफेच्या घड्याळाचा काटा पाहा कुठी गेला."

"तू तुही भट्टी पाय," तुम्ही वरूनच म्हणता.

ते खाली मान घालून परत पऱ्हाट्या उचलतात. मी डबा ठेवते आणि शाळेत जाते.

दुपारी आवाज झाला तेव्हा आमचा भूगोलाचा तास चालला होता. खिडकीची तावदानं हलली. तुम्ही तेव्हा फाटकावर चहा प्यायला गेला होतात, म्हणून वाचलात. काका भट्टीसमोर होते. त्यांना बैलगाडीतून आणि मग जीपमधून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं, दोन दिवस ते होते, तिसऱ्या दिवशी गेले. आवाज झाला त्या दुपारी लोकांबरोबर मीही जिनाकडे धावले होते. सगळीकडे पांढरी वाफ होती, पायाखाली गरम चिखल होता, आणि कोणीतरी मला मागे ओढायच्या आधी मी वर पाहिलं. दांडी वाकली होती. तिच्यावर एकच वजन होतं.

चौकशीचे साहेब आले. तुम्ही जबाब दिला की पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे लक्ष ठेवायला तुम्ही काकांना सांगून गेला होतात, त्यांचा डोळा लागला, बॉयलर कोरडं पडलं. जो माणूस उलट सांगू शकला असता तो गेला होता. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि प्रकरण मिटलं.

तेरवी झाल्यावर काकी आपल्या घरी आल्या. आई चुलीपाशी होती, तुम्ही पाटावर जेवायला बसला होतात, मी तुम्हाला पाणी वाढत होते. काकी मागच्या दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"भाऊ, लोक म्हणून राह्यले का ते झोपले होते. रातपाळीलेही कधी झोपत नव्हते ते. तुमी होते तिथं. तुमीच सांगा."

तुम्ही घास खाली ठेवला. मला वाटलं आता सांगाल. मी तांब्या धरून तुमच्या तोंडाकडे बघत होते.

"वहिनी, डोळा लागला त्याचा," तुम्ही म्हणालात. "माणूस आहे, लागते डोळा. मी काय सांगू."

काकी "बरं" म्हणाल्या. आईनं दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या, त्या त्यांनी घेतल्या आणि गेल्या. मी म्हटलं, "बाबा, पण ते तारेनं बांधलेलं..." आणि तुम्ही मला मारलंत. त्याआधी कधी मारलं नव्हतं, त्यानंतरही नाही. आई मध्ये आली तर तुम्ही तिच्या खांद्यावरून माझ्यावर ओरडलात, "तुले काय समजते वाफेतलं? समजत नाई तिथं तोंड घालू नये!" चार दिवसांनी वर्ध्याहून माझ्यासाठी नव्या चपला आणल्यात, लाल पट्ट्याच्या. मारल्याबद्दल आणल्या असं मी धरून चालले. त्या मी पार झिजेपर्यंत घातल्या.

मला वाफेतलं काही समजत नाही, हे तुमचं वाक्य मी फार सोयीनं जपलं, बाबा. शाळेत विज्ञान सोडलं, मराठी घेतलं. मनात कधी ते माप आलंच तर मी स्वतःला म्हणायचे, वजनाचा आणि स्फोटाचा काय संबंध असेल कोण जाणे, ते तर बाबांनाच ठाऊक. काढली असती कुठूनही माहिती. पुस्तकं काय कमी होती! काढली नाही. पेटी मागवण्याचं दुसरं कारण हे होतं. तुम्ही नाही, आई नाही, आता तरी एकदा समजून घ्यावं. आणि खोटं कशाला बोलू, मला आशा होती की समजल्यावर तुमची सुटका होईल.

लाल चौकटीनंतरही मी इंजिन पूर्ण केलं. आठ महिन्यांचं काम टाकवेना. गच्चीवर रूळ मांडले, बॉयलरमध्ये औषधाच्या दुकानातून आणलेलं शुद्ध पाणी भरलं, खालचा गॅसचा दिवा पेटवला. बारक्या घड्याळाचा काटा चढू लागला, आणि मी कळ ओढली तेव्हा ते खरंच चाललं. शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणारी बाई बघत राहिली. गच्चीला पाणी वाहून जायला थोडा उतार आहे, तिथे उलट येताना चढ लागतो. मागे दोन डबे जोडले की इंजिन त्या चढावर थांबायचं. तिथे पोचेपर्यंत वाल्व उडायचा आणि माझी सगळी वाफ फुस्स करून हवेत. चार वेळा तसं झालं. मला राग आला. इतकी खटपट करायची आणि ऐन वेळी वाफ वाया! टेबलावरचा बारका पाना खिशातच होता. मी नट अर्धा फेरा आवळला.

इंजिन चढ चढून गेलं. मी टाळी वाजवली, बाबा. एकटीच गच्चीवर, साठीची बाई. मग वाकून पाहिलं तर घड्याळाचा काटा लाल रेघेच्या पलीकडे होता. मी दिवा विझवला आणि भिंतीला टेकून खाली बसले. पाच मिनिटांपूर्वी माझ्या मनात ना लाल चौकट होती, ना तुम्ही, ना काका. गाडी पुढे जावी एवढंच होतं. तुम्ही शिडीवर चढलात तेव्हाचं मला तिथे कळलं, आणि त्याचा मला तुमच्यावर रागही धरता येईना. पण चहा टाकून आत धावलात, त्या वाफेत चढून तार सोडलीत, माप लपवलंत, ते मला पाना कितीही फिरवला तरी कळणार नाही. आणि काकींसमोर घास खाली ठेवलात ते तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी केळझरला गेले. काकी जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांची मुलगी देवळाच्या रस्त्यावर नारळ आणि फुलं विकते. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. मी ओळख सांगितली, तिनं ओळखलं. गिऱ्हाईक नव्हतं तोवर मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दांडी, तार, माप, "राहू द्या भाऊ" म्हणणारे तिचे वडील. ती दुर्वांच्या जुड्या बांधत होती, तिचे हात थांबले नाहीत.

"आमाले गावात झोपल्याची पोरं म्हणत," ती म्हणाली. "माह्या लग्नातही म्हटलं कोणी तरी. मायनं बाबाच्या फोटोले कधी हार नाई घातला. म्हणे, झोपून सुटला आणि आमाले उघड्यावर टाकून गेला. असंच म्हणत म्हणत गेली थे."

तिनं बांधलेली जुडी टोपलीत टाकली.

"तुमाले सहावीपासून माहीत होतं?"

"पाहिलं होतं. समजलं आत्ता."

"हो काय," ती म्हणाली. तिनं मान वर केली. "मंग आता काऊन सांगता बाई? माय होती तवा काऊन नाई आले?"

एक माणूस नारळ घ्यायला आला, तिनं त्याला नारळ दिला, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे लिहून देता काय? सही करून. माह्या भावाले दाखवीन. त्यानं बाबाचं नाव लावणं सोडून देल्लं. बाकी आमाले काही नाई पायजे."

"देते," मी म्हणाले. तिनं मला बसा म्हटलं नाही, आणि निघताना परत येजा असंही म्हटलं नाही.

याला तीन आठवडे झाले. इंजिन मी पुन्हा पेटीत ठेवलं आहे, नट मूळ जागी आणून. तुम्हाला हे सगळं लिहायला मला एक दुपार पुरली, हात कुठे अडला नाही. तुम्हाला ते पोचायचं नाही, म्हणून असेल. तिच्यासाठी चारच ओळी लिहायच्या आहेत. रोज कोरा कागद घेते, वर तारीख घालते, "माझे वडील" एवढं लिहिते. आणि पुढे दर वेळी माझ्या हातून "स्वभावानं वाईट नव्हते" असंच लिहिलं जातं, आणि मी कागद फाडते.