कच्चा सांधा

प्रिय दादा,

वहिनीने तुझे रिपोर्ट पाठवले. तीनदा वाचले. आकडे वाचून बदलत नाहीत हे मलाही कळतं, तरी चौथ्यांदा वाचले. पोटात एवढी गाठ घेऊन तू फोनवर दुकानातला पंखा कुरकुरतो म्हणून तक्रार करत होतास, आणि शेवटी हळूच मागायचं ते मागितलंस. मी हो-हो करत फोन वहिनीकडे द्यायला लावला.

आज बाटल्या धुताना तू आमच्या प्रयोगशाळेत आलास तो दिवस आठवला. टेबलावरचं लाल पाणी दाखवून मी म्हटलं होतं, हे सोनं. एका केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक कण. तीस वर्षं दागिने घडवणारा तू, मला वेड्यातच काढलंस. वर सवयीने बोट बुडवून पाहिलंस. बोटाला दागिन्याच्या सांध्यावर लावायचा टाकणखार होता. कण एकमेकांना चिकटले आणि पाणी बघता बघता निळं पडलं. माझी आठ दिवसांची मेहनत गेली, आणि तू घरभर सांगत सुटलास की आपल्या चिमटीच्या सोन्याचा रंग जातो.

पण त्याच दिवशी तू नेमकं विचारलं होतंस. या कणांवर औषध बसवून थेट गाठीपर्यंत न्यायचं, म्हणजे बाकीच्या शरीराला त्रास कमी, असं मी समजावत होते. तू म्हणालास, औषध सोन्याला जोडता कशाने? दादा, मी गेली सहा वर्षं तेवढंच शोधतेय. सांधा रक्तात टिकला पाहिजे आणि गाठीत पोचल्यावर सुटला पाहिजे.

तू घडवलेले माझे पहिले डूल आठवतात? कॉलेजच्या समारंभाला निघाले होते, चप्पल पायात होती, आणि तू ते कानातून काढून घेतलेस. सांधा कच्चा आहे म्हणालास. बाहेरून काही दिसत नव्हतं. मी रडले, भांडले, आईने तुझ्याशी अबोला धरला. तू ढिम्म. मी बोडक्या कानांनी गेले.

आता मुद्द्याचं. तू मागितलेली औषधाची बाटली आमच्या फ्रीजमध्ये आहे. मी ती देणार नाही. उंदरांमध्ये औषध वाटेतच सुटतंय, सोनं यकृतात अडकून राहतंय. माणसाला ते अजून एकदाही दिलेलं नाही. आणि त्याच्या भरवशावर तू सोमवारची किमो पुढे ढकलायला सांगितलीस, हे वहिनीकडून कळलं. आधी रडले, मग तुझा भयंकर राग आला. मला भाऊ हवाय, दादा. सोमवारी जायचंच. उलट्या होतील, केस जातील, पण ते औषध पारखलेलं आहे. मी महिन्याची रजा टाकलीय, रविवारी पोचते. हातात बाटली शोधू नकोस. कानात तू नंतर पक्के करून दिलेले तेच डूल असतील. बावीस वर्षं झाली, सांधा अजून हललेला नाही.

तुझीच,
चिमटी