रिकाम्या काट्यावर अडुसष्ट किलो

३ जून

आले एकदाची कोबेरामला. खालच्या खोऱ्यातून पायी यायचं तर गुडघे हातात येतात. विमानात मांडीवरचं कोंबडं नीट धरेपर्यंत उतरलेसुद्धा. साऱ्या पापुआच्या डोंगरांत इतकी तिरकी धावपट्टी नसेल. गवताचा उतार आणि खालच्या टोकाला थेट दरी.

आजपासून मी, मिरिया, इथली एजंट. समोरचा डोंगर दिसतो की ढगात आहे ते सकाळी रेडिओवर सांगायचं, धावपट्टीवरची डुकरं हाकलायची आणि मिशनच्या विमानात चढणारा प्रत्येक माणूस, प्रत्येक पोतं काट्यावर चढवायचं. वजन जास्त झालं तर विमान उचलत नाही आणि दरी काही सरकून जागा देत नाही.

शेजारची नेसी भाजलेली रताळी घेऊन आली. आठवा महिना लागलाय तिला. पहिलं बाळ आडवं होतं. ढगांमुळे विमान आलं नाही आणि बाळ पोटातच गेलं. नवरा खाली रस्त्याच्या कामावर. या खेपेला तुला मी स्वतः दवाखान्यात घेऊन जाईन, असं मी छातीठोक सांगितलं. ती म्हणाली, अशी रताळी हाणत राहिलीस तर दोघींना उचलणारं विमान वेगळं मागवावं लागेल. जमणार आमचं.

६ जून

सकाळी धुकं होतं. काट्यावर कुणी नाही, काही नाही, आणि सुई अडुसष्टवर. लाथ घातली. हलली नाही. मग मिठाचं पोतं ठेवायला गेले, तर माझी वाट पाहत असल्यासारखी शून्यावर आली. स्प्रिंग गंजली असणार. तेल घातलं.

गवत कापणारा म्हातारा यालुवे लांबून बघत होता. त्याला हसू आलं नाही, हे मला आवडलं नाही.

११ जून

आज विमान आलं. सगळी वजनं मी दोनदा घेतली. तरी विमान पार टोकापर्यंत धावलं, दरीत बुडालं आणि बऱ्याच वेळाने कुठे वर दिसलं. बेनी पायलटने रेडिओवरून माझी चांगलीच खरडपट्टी काढली. मागे कुणाला बसवलंस, म्हणाला. कुणालाच नाही, मी म्हटलं.

माझी वजनं बरोबर होती. कुणाच्या बापाला घाबरत नाही मी.

१९ जून

पुन्हा तेच. या वेळी बेनीने अर्ध्यात ब्रेक मारले, परत आला आणि कॉफीची तीन पोती उतरवल्यावरच गेला.

मी यालुवेला गाठलं. बरंच टाळून बोलला. इथली रीत अशी की, काट्यावर चढला त्याचा नंबर लागला. मग मुखिया येवो की पाद्री, त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. किनाऱ्याकडचे ओबेद मास्तर इथे शाळेवर होते, तापाने गेले. त्यांची शवपेटी घरी न्यायची म्हणून काट्यावर चढवली. अडुसष्ट भरली. तेवढ्यात ढग उतरू लागले, आणि आधीच्या एजंटाने पेटी खाली काढून कॉफी भरली. मास्तर पुढच्या खेपेला, म्हणाला. पुढची खेप लवकर आली नाही. शेवटी पेटी धावपट्टीच्या वरच्या टोकाला पुरली.

"काट्यावर चढवलेल्या माणसाला उतरवू नये, पोरी," यालुवे म्हणाला. "तो मग उतरतच नाही."

मास्तरांसाठी मला वाईट वाटलं. रागही आला. आमचं काय चुकलं?

२७ जून

सुई आता रोज अडुसष्टवर. गवतावर दव असतं, काट्याच्या पत्र्यावर दोन पावलांएवढी जागा कोरडी.

आज समोर उभी राहून स्पष्ट सांगितलं. मास्तर, तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. पण दुसऱ्यांचं विमान दरीत घालायचं नाही. ऐकू येतंय ना?

सुई थरथरली. पण मी जागची हलले नाही.

२ जुलै

नेसीला कळा. फार लवकर. सुईण म्हणते, बाळ याही वेळी आडवं आहे.

ढग.

३ जुलै

डोंगर मोकळा. रेडिओवर ओरडून सांगितलं. विमान निघालंय.

सोबत म्हणून मी जाणार. सगळ्यांसमोर काट्यावर चढले, एकसष्ट. नेसीला झोळीसकट ठेवलं. तिचे ओठ पांढरे पडलेत. तिला उचलताच सुई परत अडुसष्टवर — आम्ही दोघी आणि वर मास्तर, तर विमान दरीतच. ते काही मागे राहणार नाहीत. मग कुणीतरी राहायलाच हवं.

मी पिशवी खाली टाकली. यालुवेने माझा हात घट्ट धरला. मी सोडवून घेतला.

मोठ्याने म्हटलं, "ओबेद मास्तर, अडुसष्ट किलो, मागची सीट. माझ्याऐवजी."

माणसं मागे सरली. नेसी तेवढ्यात झोळीतून हसली. तिला वाचायला मास्तरांनीच शिकवलं होतं. "चला मास्तर," म्हणाली.

बेनी आत वाकला. रिकाम्या सीटचा पट्टा आवळला आणि वजनात अडुसष्ट धरले.

विमान अलगद उचललं. मी धावपट्टीवर बसून रडले. हरले नाही, म्हणून रडले.

४ जुलै

रेडिओ — मुलगी झाली. दोघी सुखरूप! सुई शून्यावर.

मी उत्तर दिलं. तिकडून सारखं विचारत होते, कोबेराम, कुणी आहे का तिथे?

रेडिओ बिघडला असेल.

६ जुलै

यालुवेला हाक मारली. तो माझ्याच दारात बसून लोकांना सांगत होता, मिरिया नेसीबरोबर विमानाने गेली. सगळे हो म्हणाले. सगळ्यांनी मला चढताना पाहिलंय म्हणे.

मी त्याच्या तोंडासमोर उभी होते.

९ जुलै

भूक नाही. दवात माझी पावलं उमटत नाहीत.

काट्यावर चढले. सुई एकसष्ट. बायका किंचाळून पळाल्या — रिकामा काटा बघून.

मास्तरांसारखीच काट्यावर चढून उतरलेली मी.

आता कळलं. उशिरा कळलं. पण पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा उतरेन. लिहून ठेवते, उतरेन.

१५ जुलै

मी मास्तरांसारखी गुपचूप बसणार नाही. कुणाच्या विमानात चोरून चढणार नाही. इथेच उभी राहणार, काट्यावर, भर दिवसा. नाव घ्या माझं. मी तुमची एजंट आहे.

२१ जुलै

विमान आलं. नेसी उतरली — छातीशी गाठोडं — केवढं काळंभोर जावळ —

सगळ्यांना विचारतेय, मिरिया कुठे? यालुवे म्हणतो, तुझ्याबरोबरच गेली होती ना. ती म्हणते, नाही. तिच्या जागी मास्तर बसले होते.

बायका काट्यापासून मागे सरकल्या.

इकडे बघ. बाई, इकडे. काट्याकडे —

बघितलं. सुई बघतेय. यालुवे तिला मागे ओढतोय, तिने हात झटकला. बाळाला घेऊन सरळ इकडेच —

ओठ हलतायत. म्हण, नेसी. मोठ्याने, सगळ्यांसमोर —

"मिरिया," म्हणाली, "एकसष्ट किलो, मागची —