वायरमनने जुळवलेलं घड्याळ

ती. आईच्या चरणी, नेहमी उशिरा येणाऱ्या मुलाचा आज वेळेवर नमस्कार.

तब्येत ठणठणीत आहे. चिडचिड सोडली तर सर्व क्षेम.

मी सांगितलेला तो विझलेला तारा आठवतो ना? सेकंदाला तीस गिरक्या घेतो आणि दर गिरकीला उजेडाचा एक ठोका पाठवतो. ठोका इतका क्षीण, की एकोणीस रात्रींचा उजेड एकावर एक अचूक रचला तरच दिसावा. त्यासाठी आमच्या वेधशाळेतल्या घड्याळाला कुणी हात लावता कामा नये.

काल रचून पाहिलं, तर नुसता गढूळ उजेड. शेवटी वायरमनला विचारलं.

"सर, ते रोज जरा मागे पडायचं. मी रोज सकाळी माझ्या घड्याळाशी जुळवत होतो. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास!"

किती जुळवलं, ते कुठेच लिहिलेलं नाही. एवढ्या सज्जन माणसाला शिव्या कशा द्यायच्या? मी संस्कृतात दिल्या. तो आभार मानून गेला.

साहेब म्हणतात, थांबा, पुन्हा एकोणीस रात्री मोजा. आणि तू दादाकडून विचारतेस, डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू का? मुळीच नको. पट्टी सोडताना समोर असेन, असा शब्द दिलाय. तारा महिनाभर आणखी फिरेल. मी पंधरा तारखेला पोचतो. थेंब घालतेस ना?

भिंतीवरचं घड्याळ तू दहा मिनिटं पुढे ठेवतेस, म्हणून मी जन्मभर भांडलो. आता तसंच राहू दे. निदान किती पुढे आहे, ते मला ठाऊक आहे.

तुझा,
धाकटा