पाठवणीची गाडी

६ मार्च २०१६, रविवार
आजपासून रोजनिशी. मजकूर फक्त तांत्रिक. भावनांना इथं जागा नाही.

गाडी: जपानी, फोर व्हील ड्राइव्ह, ऑटोमॅटिक गिअर, वय सोळा. दिवाळीत एका निवृत्त तहसीलदारांकडून घेतली. आमची सौ. मीनाक्षी तेव्हापासून तिला 'तुमची ती' म्हणते. दोष: चालता चालता डॅशबोर्डवर गिअरचा दिवा लुकलुकायला लागतो आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसते. मग मागचा रिक्षावाला हॉर्न मारतो आणि ओव्हरटेक करताना आत डोकावून बघतो.

ध्येय: २४ एप्रिलला मृण्मयीचं लग्न. कार्यालयातून लेक सासरी जाईल ती याच गाडीतून, आणि गाडी चालवणार मी स्वतः. व्याह्यांना सांगून टाकलं आहे. मृण्मयी म्हणाली, बाबा, गाडी कुठलीही चालेल, तुम्ही फक्त वेळेवर उभे राहा. पोरगी भिडस्त आहे. मनातून तिला हीच गाडी हवी आहे.

तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवलं. एक दिवा माझ्यासमोर किती दिवस लुकलुकेल?

९ मार्च
नेटवरून वायरिंगचा नकाशा काढला. नकाशा डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा निघाला, अक्षरंही जपानी. हरकत नाही, आरशात धरून वाचतो. विजेला भाषा नसते.

गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर सापडला. गिअर पाडणं, दांडा सोडणं, सगळं याच्याच हुकमानं. ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली, कार्पेटच्याही खाली, अगदी तळाशी. ना ऊन, ना धूळ. याला म्हणतात दूरदृष्टी. इकडे कुणाला तरी सुचलं असतं का?

१३ मार्च, रविवार
नळाला सहा दिवसांनी पाणी, तेही पाऊण तास. पडेगावच्या आपल्या प्लॉटवरच्या बोअरला मात्र अजून पाणी आहे. म्हणून गाडी घेऊन गेलो आणि कॅन भरून आणले. सोसायटीत सगळे गॅलरीतून बघत होते. या गाडीला नावं ठेवणाऱ्यांनी आज गुपचूप बादल्या पुढे केल्या.

मागे मावले नाहीत ते कॅन पुढच्या सीटसमोर, पाय ठेवतात तिथं उभे केले. झाकणांची रबरं हरवली आहेत. त्याऐवजी दुधाच्या पिशवीचे तुकडे लावले. कल्पना माझी. प्लॉटचा राखणदार रामकिसन म्हणाला, साहेब, झाकन गळतंय की, लई हादरं बसत्यात रस्त्याला. त्याला पृष्ठताण समजावून सांगितला. तो व्हय व्हय म्हणाला, पण त्याला पटल्यासारखं दिसलं नाही.

येताना छावणीपाशी दिवा लुकलुकला. तिसरा गिअर. घरापर्यंत तसाच आलो. निष्कर्ष: उष्णता.

१८ मार्च
गाडी चार दिवस उन्हात उभी होती. आज चक्कर मारली. सगळे गिअर लोण्यासारखे. म्हणजे उष्णता नव्हे. बुधवारी बॅटरीची टर्मिनल्स घासली होती, त्याचा हा परिणाम. दोष संपला. व्याह्यांना फोन करून कळवलं. ते म्हणाले, कशाचा दोष? त्यांना आधी काही सांगितलंच नव्हतं हे नंतर लक्षात आलं.

२० मार्च, रविवार
पाणी आणलं. दिवा लुकलुकला. टर्मिनल्स तहसीलदारांच्या काळातली आहेत, त्यांचा काय भरवसा. नवीन बसवणार.

२७ मार्च, रविवार
नवीन बसवली. पाणी आणलं. दिवा लुकलुकला.

तहसीलदारांना फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडं असताना कधी असं झालं नाही हो. सरकारी माणूस. खरं कशाला बोलेल?

२९ मार्च
रोशन गेटच्या रफिकभाईंकडे गाडी नेली. ऑटोमॅटिक गाड्यांचे शहरातले एकमेव जाणकार, असं ते स्वतः म्हणाले. बॉनेट उघडलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, साब, ये सोलेनॉइड का लफडा है. मी म्हणालो, मला इनहिबिटर स्विचची शंका येते. ते लगेच म्हणाले, वही तो बोल रहा मैं. दोघांचं एकमत झालं. मग म्हणाले, अब्बी हात में भोत काम है, दो-तीन दिन गाडी उधरीच रख दो धूप में.

२ एप्रिल
रफिकभाईंनी गाडी परत दिली. उत्तम चालते. काय केलं विचारलं तर म्हणाले, हात लगाया ना साब, बस. दोन तज्ज्ञ एकत्र आल्यावर दुसरं काय होणार?

३ एप्रिल, रविवार
पाणी आणलं. दिवा.
रफिकभाई फोन उचलत नाहीत.

८ एप्रिल, गुढीपाडवा
संकल्प: (१) लग्नाआधी दोष काढणार. (२) मीनाक्षीशी गाडीबद्दल वाद घालणार नाही. (३) रोज प्राणायाम.

दुपारी मीनाक्षीला पत्रिका वाटायला घेऊन गेलो. ती पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, अहो, इथं काहीतरी कुबट वास येतोय. एसीचा, असं सांगितलं. मग म्हणाली, पायाखालचं कार्पेट ओलं आहे, माझ्या चपला भिजल्या. इथं मला संकल्प दोन मोडावा लागला. म्हणालो, अगं, अख्खा मराठवाडा कोरडा पडलाय, लातूरला पाणी रेल्वेनं न्यायच्या गोष्टी चालल्यात, आणि ओलावा नेमका तुझ्या पायाखाली कुठून येईल? यंदाच्या साली या जिल्ह्यात ओलाव्यामुळे काही बिघडणं अशक्य आहे. दोष शोधताना असं एकेक कारण बाद करत जायचं असतं. ओलावा मी पहिल्याच दिवशी बाद केला होता.

ती उरलेल्या पत्रिका वाटायला रिक्षानं गेली.

१४ एप्रिल
नवं लक्षण. पाणी घेऊन येताना थांबलो, तर गिअरचा दांडा 'पी'मधून निघेचना. पी म्हणजे पार्किंग. ब्रेक दाबला की दांडा मोकळा व्हायला हवा, तो झाला नाही. क्रांती चौकाच्या अलीकडे, मिरवणुकीच्या ऐन वाटेवर. निळे फेटे बांधलेली मुलं धक्का द्यायला धावली. त्यांना सांगितलं, पीमध्ये चाकं जाम असतात, धक्क्यानं हलणार नाही. त्यांच्यातला एक म्हणाला, मंग काका, ही गाडी हाय का खांब? सगळे हसले. तरी मला त्यांनी सरबत आणून दिलं. भर उन्हात बरं वाटलं. दोनेक तासांनी दांडा आपोआप सुटला. सरबत पिताना मी मल्टिमीटर लावला होता. त्यानं काम केलं असणार.

रात्री हिमांशू आला. हा मीनाक्षीचा भाऊ, लग्नातला मामा. म्हणाला, भावजी, लग्नापुरती ड्रायव्हरसकट गाडी ठरवून टाकू, तुम्ही निवांत राहा. मी म्हणालो, लेकीला सासरी पोचवायला भाड्याचा माणूस? मीनाक्षी म्हणाली, लेकीला पोचवायच्या आधी लेकीजवळ थांबा थोडं. या घरात तांत्रिक चर्चा होऊच शकत नाही.

२१ एप्रिल
पाहुणे आले. पाण्यासाठी सोसायटीनं टँकर मागवला, म्हणून आठवडाभर पडेगावला गेलो नाही. गाडी उन्हातच. आज मृण्मयीला घेऊन बीड बायपासच्या कार्यालयापर्यंत रंगीत तालीम केली. सगळे गिअर. दिवा बंद. ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, बाबा, किती उंच इमारती झाल्या इथं, माझ्या शाळेच्या वेळी नुसती शेतं होती. मी म्हणालो, हं, आता बघ, टॉप गिअर पडतोय. तिनं खिडकीची काच वर केली.

दोष निघाला. कारण: मल्टिमीटर योग्य वेळी लावला.

२४ एप्रिल, सकाळी ७
आज लग्न. मुहूर्त बारा सतराचा. झेंडूच्या माळा सांगितल्या आहेत. सदरा पांढरा.

सकाळी ९
कार्यालयाचा टँकर आलाच नाही. टाकी कोरडी. वऱ्हाड दहाला येणार आणि पाय धुवायला तांब्याभर पाणी नाही. मॅनेजर फोनवर फोन करतोय. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा मी पुढे झालो. म्हणालो, गाडी आहे ना. मीनाक्षी म्हणाली, अहो, आज तरी कुठं जाऊ नका. पण अशा वेळीच माणसाची आणि यंत्राची परीक्षा होते.

सकाळी ११
आणलं. घाईत पिशवीचे तुकडे लावायला वेळ मिळाला नाही, पण काय फरक पडतो. वऱ्हाडी मंडळींनी कौतुक केलं. व्याही म्हणाले, वा, तुम्ही तर आमचे टँकर. हे मी मोठेपणानं घेतलं.

११.३०
माळा बांधून झाल्या. गाडी दारापाशी वळवून लावायला गेलो. दांडा पीमध्ये. हलत नाही. किरकोळ आहे. डॅशबोर्डखाली शिरून ब्रेकचा स्विच बघतो.

१२.०५
हिमांशू तीनदा येऊन गेला. पाच मिनिटं म्हणून सांगितलं. मंगलाष्टकं सुरू झालेली माइकवर ऐकू येतायत. आमच्याकडच्या सगळ्या मावश्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणली आहेत, लवकर संपत नाहीत. स्विचला सप्लाय येतोय. म्हणजे दोष पुढे आहे. सापडला की धावत जातो.

२५ एप्रिल
स्विचमध्ये दोष नव्हता.

मावश्यांची मंगलाष्टकं गुरुजींनी आवरती घेतली. मुहूर्त गाठायचा होता. मी कार्पेटवर गुडघे टेकून बसलो होतो, गुडघे भिजले होते, तोंडात टेस्टर. एकदम बँड वाजला. धावलो. दारात पोचलो तर टाळ्या वाजत होत्या आणि माणसं अक्षता झाडत खुर्च्यांवर बसत होती. माझ्या वाटच्या अक्षता एका बाईंनी हातात दिल्या. आता कुणावर टाकायच्या?

कन्यादानाला बसलो. गुरुजी म्हणाले, आधी हात धुवून या. हात धुवायला पाणी भरपूर होतं. काळं काही निघालं नाही.

पाठवणी जावईबापूंच्या छोट्या गाडीतून झाली. मृण्मयी माझ्याजवळ आली. माझ्या सदऱ्यावरचं ग्रीस बघितलं आणि पदरानं पुसायला लागली. शालू खराब होईल म्हणून मी तिचा हात बाजूला केला. तो बाजूला करायला नको होता.

व्याही जाताना म्हणाले, तुमची गाडी राहू द्या, पुढच्या खेपेला. पुढची खेप कुठली? मला एकच मुलगी आहे.

२८ एप्रिल
फोटोग्राफरनं फोटो पाठवले. मीनाक्षी चष्मा लावून एकेक बघत होती, मी मागून. अंतरपाटाचे बरेच फोटो आहेत. मृण्मयीच्या मागे हिमांशू उभा, बाजूला मीनाक्षी, आणि मीनाक्षीच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी. ती कुणी भरलेली नाही. फोटोग्राफरनं सांगितलं असेल ना, सरका म्हणून? ती सरकली नाही. आणि प्रत्येक फोटोत मीनाक्षी नवरदेवाकडं नाही, दाराकडं बघते आहे. मृण्मयीसुद्धा.

मला रडू आलं. तांत्रिक रोजनिशीत हे लिहायचं नव्हतं.

कार्यालयाच्या आवारात चार दिवस उन्हात उभी असलेली गाडी आज सकाळी एका झटक्यात सुरू झाली. दांडा मोकळा, सगळे गिअर पडतायत, दिवा बंद. हे मीनाक्षीला अजून सांगितलेलं नाही.