बाटलीतली ऊब

प्रिय छोट्या,

आईचा विषय निघाला की तू फोनवर रेंज गेल्याचं सोंग करतोस, म्हणून पत्र लिहितेय. हे तरी मधेच कट करता येणार नाही.

माझ्या कामाला तू ‘क्रीमचं दुकान’ म्हणतोस. म्हण बापडा. आमच्या प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशी बाटलीत वाढवतात आणि क्रीममध्ये घालायचे अर्क त्यांच्यावर तपासतात. आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा कापलेल्या त्वचेचा तुकडा तिने हौसेने आम्हाला दिला. कचऱ्यात जाण्यापेक्षा लेकीच्या उपयोगी पडू दे, म्हणाली. वर, माझ्या सुरकुत्या बघून तुमची यंत्रं बिघडणार नाहीत ना, हेही विचारलं.

आई गेली, पण तिच्या पेशी वाढत राहिल्या. बाटली भरली की थोड्या नव्या बाटलीत हलवायच्या, गुलाबी पोषकद्रव बदलायचं, की पुन्हा अंगाइतकं उबदार ठेवलेल्या कपाटात. दुसऱ्या कुणाला मी हात लावू दिला नाही. कपाट उघडताना तोंडातून ‘आले गं’ निघून जायचं. सोबतचे हसायचे.

पण अशा पेशी कधीतरी एकीच्या दोन व्हायच्या थांबतातच. आईच्याही थांबल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पसरट, दमलेल्या दिसतात. दोन बाटल्या उरल्या होत्या. ज्या अर्काच्या जिवावर आमची कंपनी तारुण्याच्या जाहिराती करते, तो मी एकीत घातला. ढिम्म फरक नाही. मग दुप्पट घातला, तर त्या बाटलीतल्या सगळ्या मेल्या. हे माझं आयुष्यभराचं संशोधन! आईला दुसऱ्यांदा जाताना बघतेय रे, आणि याही वेळी माझ्याच्याने काही होत नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही.

न वाढणाऱ्या पेशी आम्ही ठेवत नाही. सोमवारी उरलेल्या बाटलीत ब्लीच ओतायचंय, प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलंय. आई गेली तेव्हा तुझं विमान चुकलं आणि तू पोचलास तोवर आईचा हात गार पडला होता. तू तो धरलास आणि चटका बसल्यासारखा सोडलास, ते मी पाहिलं. त्यानंतर तू घरी आलाच नाहीस. शनिवारी ये. ती बाटली तुझ्या हातात देईन. आईच्या हाताइतकीच कोमट असते. फक्त पटकन धर, बाहेर काढली की लगेच गार होते.

तुझी वाट बघणारी,
तुझीच ताई