सर्व्हरची विश्रांती

११ सप्टेंबर, गुरुवार
सर्व्हर आज पुन्हा अडकला. स्टिकर छापले जाईनात आणि स्टिकरावाचून माल फाटकाबाहेर जात नाही. भरलेले ट्रक चाकणच्या उन्हात उभे. निवृत्तीनंतरही मला बोलावतात ते तपासणीच्या नोंदींसाठी. ब्रेकच्या सुट्या भागांच्या साऱ्या नोंदी त्या एकाच यंत्रात आहेत. त्या गेल्या, तर माझी अख्खी नोकरी पुसली गेली असे समजावे. संगणक विभाग पाहणारी वैशाली गव्हाणे म्हणाली, "काका, ह्याचं सामान आता बनवणारेबी देत न्हाईत." (मूळची माण तालुक्यातली. तिची भाषा सुधारण्याचे मी सोडून दिले आहे.) दुपारनंतर कसाबसा चालू.

१५ सप्टेंबर, सोमवार
नवा सर्व्हर का हवा, याचे टिपण मालकांना, म्हणजे प्रतापरावांना दिले. वाचून म्हणाले, "काका, भाषा फार सुंदर." आशयाविषयी अवाक्षर नाही. मग, "चालतंय ना? चालत्या गाड्याला खीळ कशाला?"
प्रेसला दर शनिवारी तेलपाणी होते, तिचा आवाज बदलला तरी फोरमन धावतो. सर्व्हर मुकाट राबतो, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. थकलो. बसमध्ये डोळा लागला, चिंचवडचा थांबा चुकला.

२३ सप्टेंबर, मंगळवार
खंडेनवमीला कारखाना बंदच असतो. त्याच दिवशी नवा बसवावा, असे सुचवले. प्रतापरावांनी कान पकडले. "त्या दिवशी यंत्राला पाना लावायचा नाही, काका. आमच्या वडिलांनी, आबांनी, कधी लावू दिला नाही."
मी तर्क लढवला. "सर्व्हर हेही यंत्रच ना? मग पूजेनंतर सारी यंत्रे विसावतात आणि हा एकटाच का राबतो?"
ते थबकले. जिंकलो, असे वाटले. जो त्या दिवशीही राबतो, त्याला पाना का नको?

२४ सप्टेंबर, बुधवार
फलकावर सूचना लागली: खंडेनवमी व दसरा, सर्व्हरलाही विश्रांती. नव्या सर्व्हरचा उल्लेख नाही.
वैशालीने कपाळाला हात लावला. "काका, काय बोलून बसला तुमी! परवा त्यो नुसता अडकला हुता, वीज चालूच हुती. आतली नोंदींची चकती वर्षानुवर्षं फिरतीय. गार पडला तर उठंल का न्हाई, कोन सांगनार?"
"नोंदींची प्रत काढलेली आहे ना?"
"हाय की. पन ती उघडून कुनी बघितलीय?"
प्रतापरावांकडे गेलो, माझे म्हणणे मागे घेतो म्हणालो. हसले. "आता नाही हं. आईलाही पटलंय तुमचं."

२९ सप्टेंबर, सोमवार
वैशालीने हिशेब विभागातला एक संगणक मागून आणला आणि प्रत उघडून पाहिली. अलीकडच्या नोंदी उघडल्या. जुन्या उघडत नाहीत. नव्याने प्रत काढू लागली, तर सर्व्हर धापा टाकू लागला. "ह्याला आता जास्त पळवू नये," म्हणाली. अर्धवट सोडले.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
प्रेसला हार, फोर्कलिफ्टला हार, सर्व्हरलाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ. प्रतापरावांनी स्वतः बटन दाबले. पंखे मंदावले, थांबले. त्या खोलीला आवाज होता, हे तो गेल्यावर कळले.
"बघा काका, कसा निवांत झोपलाय."
वैशालीने प्रसाद घेतला. माझ्याकडे पाहिले नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
सोने द्यायला माणसे आली, गेली. जेवण गेले नाही. सौ. विचारत राहिली. काय सांगणार? वाद जिंकलो, म्हणून?

३ ऑक्टोबर, शुक्रवार
सर्व्हरच्या खोलीत बसून हे लिहितो आहे. फाटकाशी ट्रक लागले आहेत. माळ सुकली आहे. वैशालीने ती बाजूला केली, बटन दाबले. हिरवा दिवा लागला. पंखे कुरकुरले, मग फिरू लागले. पडदा काळाच.
प्रतापराव चपला बाहेर काढून दाराशी उभे आहेत.
"काका, एवढा वेळ लागतो का?"
"वैशालीला विचारा," मी म्हणालो.
इतक्या वर्षांत त्यांनी तिला प्रथमच विचारले. ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "थांबा, दादा. चकती फिरतीय का, आयकू द्या."
आम्ही तिघेही ऐकत आहोत.